पाववाल्याचा क्लच

ईरा आणि निहार,

"आजी, तू नक्की कसली डॉक्टर होतीस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, आणि मी उत्तर देईपर्यंत तुमची शाळेची बस आली. त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या. तेव्हा एकाच लेखात दोघांना उत्तर देते. तुमची आई वाचून दाखवेल. ती जिथे एकटीच हसेल तिथे तिला थांबवून कारण विचारा.

पहिली गोष्ट, मी डॉक्टर नव्हते. कर्जतजवळच्या एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात मी व्यवसायोपचार तज्ज्ञ होते. दारावर तशी पाटी होती, आणि ती वाचून एक गृहस्थ पिठाच्या गिरणीसाठी अर्ज कुठे मिळतो हे विचारायला आत आले होते. त्यांचं काय चुकलं? व्यवसाय म्हटल्यावर माणसाला दुकान आठवणारच. आमच्या शास्त्रात मात्र माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं त्या शब्दात येतं: शर्टाची बटणं लावणं, भाकरी थापणं, कोयता धरणं, नातवाला कडेवर घेणं. सर्जन तुटलेलं जोडतो. फिजिओथेरपिस्ट जोडलेलं हलवायला लावतो. त्यानंतर आम्ही समोर बसतो आणि विचारतो, "आता या हाताने तुम्हाला काय करायचंय?"

मी हे शिक्षण इंग्रजीतून घेतलं होतं. आमच्या पुस्तकात या प्रश्नाची उत्तरं काटा-चमच्याने जेवणं, सही करणं, टाय बांधणं अशी होती. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मनगट मोडलेल्या एका बाईंनी उत्तर दिलं, "मला शेणी थापायच्यात." मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्यात गेले. नोकरी संपेपर्यंत मी हेच करत राहिले. ज्याचं जे काम, ते आधी जाऊन बघायचं.

सगळे बरे झाले असं समजू नका. भजनात पेटी वाजवणारे एक तात्या होते. त्यांना दोनच बोटं परत हवी होती. मी वर्षभर प्रयत्न केला. बोटं घास उचलण्याइतकी आली, सुरांवर पळण्याइतकी आली नाहीत. एक दिवस ते म्हणाले, "बाई, जेवतो मी नीट. तुमचं काम झालं." आणि यायचे थांबले. त्यांच्या गावावरून जाताना भजन ऐकू आलं की मी अजूनही गाडीची काच वर करते.

आता हनीफची गोष्ट सांगते, कारण निहारला मोटरसायकली आवडतात.

हनीफ कर्जतचा पाववाला. पहाटे बेकरीतून पाव, बटर, खारी, टोस्ट असे क्रेट मोटरसायकलच्या मागे लोखंडी कॅरिअरवर बांधायचे आणि पळसदरीच्या बाजूची गावं, वाड्या करत दुपारपर्यंत परतायचं. त्या फेरीला ते 'लाईन' म्हणतात. लाईन बेकरीचा मालक देतो, पण गिऱ्हाईक ज्याने त्याने जमवायचं असतं. हनीफने ते बारा-तेरा वर्षं जमवलं होतं. कोणाकडे मधुमेह म्हणून टोस्ट बिनसाखरेचे, कोणाकडे पाहुणे म्हणून लादी जास्त, हे त्याला तोंडपाठ असायचं.

एका रविवारी पळसदरीच्या धरणाजवळ सहलीला आलेल्या कोणीतरी मागे न बघता गाडीचं दार उघडलं. हनीफ दारावर आदळला आणि डावा हात काचेतून आरपार गेला. मनगटाच्या थोडं वर, बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या असतात ना, त्या तुटल्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्या उत्तम जोडल्या गेल्या. पण घरी आल्यावर हनीफने तो हात गळ्यात बांधून असा जपला, की माझ्याकडे येईपर्यंत दोऱ्या जखमेच्या व्रणालाच चिकटून बसल्या होत्या. बोटं पूर्ण उघडत नव्हती आणि पूर्ण मिटतही नव्हती. कायम न दिसणारा पेला धरल्यासारखा हात.

बरोबर त्याची बायको जुबेदा होती. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"गाडी चालवायची हाय," हनीफ म्हणाला. "बाकी हात नाय झाला तरी चालंल."

"ऐकलं का बाई?" जुबेदा म्हणाली. "घरात पान्याचा तांब्या उचलत नाय, म्हनं हात दुखतो. आनि गाडी चालवायची हाय."

"तांब्यावर लाईन चालते काय गं?"

खरी अडचण तिनेच नंतर सांगितली. बेकरीचे मालक इब्राहिममामू यांनी हनीफची लाईन तात्पुरती एका टेंपोवाल्याला दिली होती. टेंपोवर ध्वनिवर्धक, त्यात टेप केलेला आवाज. मामूंनी हनीफला सांगितलं होतं, "दिवाळीपत्तर थांबतो. दिवाळीच्या नानकटाया ज्याच्या गाडीवर जातील त्याची लाईन." तेव्हा नुकतंच भात लावून झालं होतं. म्हणजे आमच्या हाती पावसाळा होता.

आम्ही कामाला लागलो. परातीत तांदूळ भरून त्यात हात खुपसायचा, मूठ वळायची, परत उघडायची. मग कणकेचा गोळा मळायचा. "पाववाल्याला पीठ मळाया लावता?" असं तो कुरकुरायचा, आणि जुबेदा म्हणायची, "मळ मळ. घरच्या चपात्या तरी होतील." रात्री झोपताना घालायला मी त्याला गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची पट्टी बनवून दिली. गणपतीपर्यंत तो तांब्या उचलू लागला, चहाही गाळू लागला. मग हात थांबला. बोटं किती वळतात ते रोज मोजत होते, कोन पुढे सरकत नव्हता.

आमच्या धंद्यात हा क्षण ओळखता यावा लागतो. इथून पुढे माणसाला आणखी पिळण्यात अर्थ नसतो. हात जिथवर आला तिथवर आता वस्तूने यायचं.

"बिनगिअरची स्कूटर का नाही घेत?" मी विचारलं. "तिला क्लच नसतो."

"मागचा ब्रेक कुठं असतो, बाई?"

डाव्या हाताला असतो. त्याच हाताला. शिवाय वाडीच्या दगडी चढावर तिची छोटी चाकं कॅरिअरचं ओझं घेऊन नाचली असती. मोटरसायकललाच वळवायला हवं होतं.

लोधिवलीला जुन्या हायवेच्या कडेला मिलिंदचं गॅरेज होतं. आत बाबासाहेबांची तसबीर, बाहेर जांभळाखाली टायरांचा ढीग. हनीफ आणि तो एकाच शाळेत होते, त्यामुळे एकमेकांशी सरळ बोलायची दोघांनाही सवय नव्हती.

मिलिंदने हनीफचा हात उलटसुलट करून बघितला. "पाव विकून विकून बोटं पन पावासारखी झाली रं तुजी."

"तुजी बघ. ग्रीसमदी तळलेली."

"म्याडम," मिलिंद माझ्याकडे वळला, "तुमी हाताचं मोजा, मी गाडीचं मोजतो. मधी कुठंतरी भेटू."

तुम्हा मुलांच्या घरी क्लच नसलेल्या गाड्या आहेत, म्हणून समजावते. इंजिन सतत फिरत असतं आणि चाक कधी थांबतं, कधी फिरतं. गिअर बदलताना किंवा थांबताना दोघांना क्षणभर एकमेकांपासून सोडवावं लागतं. डाव्या हाताचा लिव्हर चार बोटांनी दाबला की ते सुटतात. त्याला चांगली ताकद लागते, आणि लिव्हरपर्यंत बोटं पोचावी लागतात. हनीफकडे दोन्ही नव्हतं.

मिलिंदने लिव्हर तापवून वाकवला आणि हँडलच्या जवळ आणला. मग क्लचची केबल इंजिनाला जिथे मिळते तिथली छोटी पट्टी काढून जास्त लांबीची बसवली. हातपंपाचा दांडा लांब असला की जोर कमी लागतो, तसंच हे. आणि लिव्हर खरंच हलका झाला. हनीफने पेल्यासारख्या बोटांनी तो सहज दाबला आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू लाईन मिळालीच.

"टाक गिअर," मिलिंद म्हणाला.

हनीफने पहिला गिअर टाकला. लिव्हर दाबलेला असूनही मोटरसायकल अगदी सावकाश, बैलगाडीसारखी, टायरांच्या ढिगाकडे निघाली.

"धर! धर रं!"

"धरलाय! पुरता धरलाय!"

"मग गाडीला सांग तसं!"

गाडी टायरांत शिरून बंद पडली. हनीफ वरच बसून होता. हातपंपाचा दांडा लांब असला की जोर कमी लागतो हे खरं, पण मग तो जास्त हलवावा लागतो. हनीफची बोटं हलत होती थोडीशीच. हलका केला की क्लच पूर्ण सुटत नव्हता. पूर्ण सुटेल असा केला की हनीफला दाबवत नव्हता. मिलिंदने वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या कापल्या. ताकद मोजायला शेजारच्या भंगारवाल्याचा आकड्याचा ताणकाटा आणला. नवरात्र आलं तरी आम्ही त्या दोन टोकांच्या मधेच अडकलेलो.

उत्तर मला हनीफच्या हातातच दिसलं, आणि ते सांगताना मला आजही बरं वाटतं. तुम्ही आत्ता करून बघा. हात सैल सोडा. पंजा मनगटातून खाली लोंबू दिला की बोटं आपोआप उघडतात. पंजा मागे वळवला की बोटं आपोआप मिटतात. प्रत्येकाचा हात थोडाफार असं करतो. हनीफच्या दोऱ्या मनगटाच्या वर व्रणाला चिकटल्या होत्या, त्यामुळे त्याच्या हातात हे फारच ठळक होतं. ज्या चिकटण्याशी मी पावसाळाभर भांडत होते, तेच आता उपयोगी पडणार होतं.

"मिलिंद, लिव्हर थोडा वर फिरव," मी म्हटलं. "हनीफ, बोटांनी दाबू नकोस. बोटं विसरून जा. लिव्हरवर टाक, अंगठा खाली घट्ट ठेव, आणि मनगट खाली सोड."

त्याने मनगट खाली सोडलं, तसा हँडलवरचा पंजा मागे वळला. बोटं मिटली, लिव्हर पार हँडलला टेकला. मनगट उचललं, बोटं उघडली. मिलिंदने मधल्या लांबीची पट्टी बसवली आणि गाडी गिअरमध्ये टाकली. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली. हलली नाही.

"आता हिला समजलं," मिलिंद म्हणाला.

दसऱ्यापर्यंत हनीफ गॅरेजच्या मागच्या पडीक जमिनीवर फेऱ्या मारत होता. आधी रिकामी गाडी, मग क्रेटमध्ये विटा भरून. मी शिस्तीची बाई. डॉक्टरांचा दाखला, परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याची तपासणी, सगळं झाल्याशिवाय रस्त्यावर जाऊ दिलं नाही. अधिकाऱ्याने स्वतः एक फेरी मारली आणि उतरल्यावर "फार हलका आहे हो क्लच," असं जरा हेव्यानेच म्हटलं.

दिवाळीला आठवडा उरला असताना हनीफ पहिल्यांदा क्रेट भरून लाईनवर गेला. दुपारी तो तसाच रुग्णालयात आला. क्रेट जवळजवळ भरलेले होते. मला वाटलं पडला.

"नाय पडलो. कायच झालं नाय. चढ चढलो, उतार उतरलो, गाडी एकदम फर्स्ट क्लास." तो बाकावर बसला. "बाई, कोनी बाहेरच आलं नाय."

मला कळेना. जुबेदा मागोमाग आली होती. तिला एका वाक्यात कळलं.

"भोंपू कुठाय तुजा?"

तुम्ही पाववाला पाहिलेला नाही. पाववाला दारात येऊन हाक मारत नाही. त्याच्या हँडलला रबरी फुग्याचा भोंपू असतो. तो दाबत दाबत तो गावातून जातो, आणि आवाज ओळखून बायका भांडं किंवा पिशवी घेऊन बाहेर येतात. हनीफचा भोंपू डाव्या हाताशी होता आणि तो चालता चालता डाव्या बोटांनी दाबायचा. आता तो हात मनगटाच्या कसरतीत पुरता गुंतला होता. फुगा दाबण्याइतका जोर बोटांत नव्हताच. म्हणून मिलिंदने भोंपू काढून अंगठ्याशी बटणाचा विजेचा हॉर्न दिला होता, आणि आम्हा तिघांनाही ती मोठी सुधारणा वाटली होती. तो पीं पीं आवाज ऐकून गावाला वाटलं, कोणीतरी मोटरसायकलवरून चाललंय. हनीफ प्रत्येक गावातून व्यवस्थित, सुरक्षित, पाव घेऊन निघून गेला. मागून टेंपो आला आणि त्याचा माल संपला.

"मामू काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनाले, रस्ता आला तुला हनीफ, गिऱ्हाईक नाय आलं. दोन दिस बघतो म्हनाले. मंग नानकटाया टेंपोत."

आम्ही लगेच लोधिवलीला गेलो. मिलिंद म्हणाला, ध्वनिवर्धक लावू. हनीफ उसळला, "मी टेंपोवाला हाय काय रं?" भोंपू उजव्या हाताला लावावा तर तिथे ॲक्सिलरेटर, तो सोडता येत नाही. पायांना गिअर आणि ब्रेक. मिलिंद म्हणाला, "तोंडात धर आता." आणि मग तिघंही माझ्याकडे बघू लागले, कारण माणसाचं शरीर हे माझं खातं होतं.

हात नसेल तर कोपर, कोपर नसेल तर खांदा, हे आम्हाला शिकवलेलंच असतं. मी हनीफला गाडीवर बसवलं आणि त्याच्याभोवती फिरून बघितलं. हात कामात, पावलं कामात. गुडघे मात्र पेट्रोलच्या टाकीला नुसते टेकून बसले होते.

"मिलिंद, फुगा टाकीच्या बाजूला बसव. डाव्या गुडघ्याशी."

त्याने पत्र्याची वाटी करून त्यात फुगा बसवला आणि भोंपूचं तोंड पुढे काढलं. हनीफने गुडघा आत घेतला. पों! त्याने पुन्हा घेतला. पों पों! जुबेदाने तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि रिक्षाने त्याच्या मागे गेले. माझ्या नोकरीत मी अशी रजा फार वेळा घेतली नाही.

पळसदरीच्या पुढे रस्ता संपून खड्डे सुरू झाले, आणि आमच्या हिशेबात न आलेली गोष्ट तिथे घडली. खड्डा आला की माणूस गाडी पडू नये म्हणून गुडघे आवळतो. हनीफने आवळले. पों! पुढचा खड्डा, पों पों! दगडी चढ लागला तेव्हा तर भोंपू थांबायलाच तयार नाही. लग्नाच्या वरातीसारखा तो बोंबलत वर चढला. गावात पोचायच्या आधीच बायका बाहेर येऊन उभ्या होत्या.

"अरं हनीफ! एवढी कसली घाई? आग लागली काय बेकरीला?"

"मी दाबत नाय गं काकी, रस्ता दाबतो!"

"हात कसा हाय?"

"हाय तसा हाय. गाडी सुधारली."

एका म्हातारीने पिशवी पुढे केली आणि दम भरला, "त्या टेंपोवाल्याचे टोस्ट गोड असतात. साखर वाढली माजी. होतास कुठं तू?" हनीफने तिला बिनसाखरेचे टोस्ट दिले आणि उगीचच क्रेटमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत राहिला. शोधण्यासारखं आत काही नव्हतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला परत.

त्या दिवाळीच्या नानकटाया मोटरसायकलवरून गेल्या. इब्राहिममामूंनी एक पुडा माझ्यासाठी पाठवला, आणि बरोबर निरोप: "गाडीला आवाज कमी करायचं औषध हाय का विचारा."

बातमी पसरली आणि हात अधू झालेले दुचाकीवाले माझ्याकडे येऊ लागले. खालापूरकडच्या कारखान्यांत मशीनखाली बोटं गेलेले पुष्कळ होते. मिलिंद आणि मी बऱ्याच गाड्या बदलल्या. काहींना मी नाही म्हटलं. त्यातला एक तरुण दोन्ही हातांनी अधू होता, ब्रेक वेळेत दाबला जात नव्हता. त्याने विचारलं, "हनीफला हो, मग मला का नाही?" मी त्याला कोन दाखवले, आकडे समजावले. तो ऐकून घेऊन गेला. माझं ते 'नाही' बरोबरच होतं. तरी त्याच्या चपला दाराबाहेर घासत गेल्या तो आवाज मला आठवतो. असले आवाज ठेवायला आमच्या शिक्षणात जागा नव्हती.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. हनीफची गाडी तिसरी आहे. प्रत्येक नवी गाडी आधी मिलिंदकडे जाते, मग लाईनवर. मागच्या महिन्यात तो पाव घेऊन आमच्या दारात आला. केस पांढरे झालेत, हात तसाच, पेला धरल्यासारखा. मी चहा दिला, तो त्याने त्याच हाताने घेतला.

"बाई, वाडीपत्तर रस्ता सिमेंटचा झाला."

"छान झालं की."

"छान कसलं? भोंपू वाजत नाय. आता मलाच दाबाया लागतो, नि माजं ध्यान नसतं." त्याने कप खाली ठेवला. "काल एक काकी विचारत होती, हल्ली तू लय गपगप येतोस रं हनीफ. घरात भांडान झालं काय?"